शब्द नेमका कुठे अडतो? वाचा उपचार समजून घेताना

धुळ्यातील एका वाचा उपचार कक्षात मामांना घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा आमच्या आधीचा रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. दार अर्धे उघडे होते. सतरंजीवर तो बसला होता आणि त्याच्यासमोर थेरपिस्ट ताई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या हातात साबणाचे फुगे काढायची बाटली होती. त्यांनी एकदा फुंकर मारली, फुगे उडाले, मुलगा खिदळला. मग त्यांनी झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात दिली आणि त्या काहीही न बोलता थांबल्या. मुलाने झाकण ओढले, दातांनी चावून पाहिले, शेवटी बाटली ताईंच्या पुढे धरून 'उं' असा आवाज काढला. ताई 'उघड' म्हणाल्या, त्यांनी झाकण उघडले आणि पुन्हा फुगे उडवले. हेच सात-आठ वेळा झाले. दाराशी बसलेली त्याची आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "दवाई नही, सुई नही, हाऊ तं नुसता खेय शे!"

शिरपूर तालुक्यातून एसटीने आलेल्या त्या आजीची शंका अगदी रास्त होती. गोळी नाही, इंजेक्शन नाही, तपासणीचे यंत्रही दिसत नाही, मग हा उपचार कसला, हा प्रश्न खानदेशातल्या बहुतेक घरांत विचारला जातो, आणि त्याचे नीट उत्तर न मिळाल्यामुळे अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर येणे बंद करतात. ज्याला आपण सर्रास 'स्पीच थेरपी' म्हणतो आणि कागदोपत्री 'वाचा उपचार' म्हणतात, तो केवळ जिभेला वळण लावण्याचा उपचार नाही. मनातली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचावी आणि दुसऱ्याची आपल्याला कळावी, हे त्याचे काम आहे, आणि त्यातला मोठा भाग दवाखान्यात होत नाही, घरात होतो, घरच्या भाषेत होतो.

केळीच्या बागेला पाणी पोहोचत नाही तेव्हा

रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट लवकर समजते. बागेच्या शेवटच्या ओळीतली केळी सुकते आहे, एवढेच त्याला दिसते. कारणे मात्र अनेक असू शकतात. विहिरीत पाणीच कमी असेल, मोटार पुरेसा दाब देत नसेल, मधली पाइपलाइन फुटली असेल, किंवा हे सगळे ठीक असून ठिबकच्या नळीचे छिद्र क्षाराने बुजले असेल. विहीर आटलेली असताना कोणी ठिबकच्या नळ्या बदलत बसला, तर पैसा जातो आणि बागही जाते.

बोलण्याचेही तसेच आहे. विहीर म्हणजे भाषा: शब्दांचा साठा, ते जोडून वाक्य करण्याची जाण आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे. मोटार म्हणजे श्वास आणि आवाज. फुप्फुसातून येणारी हवा गळ्यातल्या स्वरतंतूंना कंप देते, आणि हा कंप मोठ्या पुरुषात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा तर स्त्रीमध्ये सुमारे दोनशे वेळा होतो. ठिबकची छिद्रे म्हणजे ओठ, जीभ, दात आणि टाळू, जे त्या आवाजाला 'क', 'प', 'स' असे आकार देतात. तज्ज्ञ याला वाचा म्हणतात. पाणी सलग न येता धक्के खात येते, तसे बोलणे अडखळत आले की तो ओघाचा बिघाड असतो. आणि ज्या झऱ्यांनी विहीर भरते ते झरे म्हणजे कान. मूल जे ऐकते त्यातूनच त्याची भाषा साठते.

म्हणून चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत व्यायाम सुरू करत नाही. तो आधी पाणी कुठे थांबले ते शोधतो. 'बोलत नाही' या एकाच तक्रारीसाठी आलेल्या चार मुलांपैकी एकाला ऐकू कमी येत असेल, दुसऱ्याला समजत असून उच्चार जमत नसतील, तिसऱ्याला बोलणे कशासाठी असते हेच उमगले नसेल आणि चौथ्याच्या मेंदूकडून जिभेला जाणाऱ्या सूचना नीट पोहोचत नसतील. या चौघांचे उपचार चार प्रकारचे असतात. शेजारच्या मुलाला सांगितलेला व्यायाम आपल्या मुलाला करायला लावू नये, याचे कारण हेच.

आधी कान तपासा

मूल उशिरा बोलत असेल तर सर्वांत आधी श्रवणतपासणी झाली पाहिजे, हे मी ठासून सांगतो, कारण नेमके हेच घरात सर्वांत शेवटी सुचते. ताट पडले की बाळ दचकते, दार आपटले की वळून पाहते, तेव्हा 'ऐकू तर येते' असा निर्वाळा दिला जातो. पण ताट पडणे हा मोठा आवाज आहे. ज्या बाळाला तेवढे ऐकू येते, त्याला 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक, हलके आवाज मुळीच ऐकू येत नसतील, आणि मग त्याच्यापर्यंत पोहोचणारी मराठी किंवा अहिराणी अर्धवट, फाटलेली असते. अनेकदा बाळ आवाजाने नव्हे, तर जमिनीच्या हादऱ्याने किंवा अंगावर पडलेल्या सावलीने वळते.

नवजात बाळासाठी ओएई नावाची सोपी तपासणी असते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडासारखे टोक काही मिनिटे ठेवतात आणि त्याने काहीही दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा ही तपासणी करतात, ज्यात आवाजाला मेंदूपर्यंतची वाट कसा प्रतिसाद देते ते कळते. जगभर पाळला जाणारा संकेत असा आहे की पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा अन्य उपाय सुरू व्हावा. मोठ्या मुलांमध्ये सारखा कान वाहत असेल, तरी ऐकणे कमी होते आणि बोलण्यावर त्याचा परिणाम होतो; 'लहानपणी कान वाहतोच' म्हणून ते सोडून देऊ नये.

जन्मतः बहिऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आतल्या भागात बसवायचे यंत्र, दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळू शकते. मात्र यंत्र बसले की मूल बोलू लागेल ही समजूत चुकीची आहे. यंत्राने आवाज आत जातो, पण त्या आवाजाचा अर्थ लावायला शिकवावे लागते, आणि ते काम पुढे वर्षानुवर्षे थेरपीत चालते. नळजोडणी मिळाली म्हणून हंडा आपोआप भरत नाही.

कधी काळजी करावी?

मुले एकाच दिवशी बोलायला लागत नाहीत, त्यामुळे पुढची वये ढोबळ समजावीत. सहा ते दहा महिन्यांत बाळ 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड करते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो, दीड वर्षाला दहा-पंधरा शब्द असतात, आणि दोन वर्षांला सुमारे पन्नास शब्द असून 'पानी दे', 'माय ये' असे दोन शब्द जोडले जातात. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसाला कळते, चार वर्षांच्या मुलाचे जवळपास सगळे.

यात शब्दांइतकेच महत्त्व हावभावांना आहे आणि लोक नेमके तेच विसरतात. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल चांदोबाकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहते. 'तूही बघ' असे ते शब्दाविना म्हणते. असे बोट दाखवणे, नजर देणे, हाक मारल्यावर वळणे नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांला दोन शब्द जुळत नसतील, तर वाट पाहू नये. आणि आलेले शब्द मुलाने हरवले, आधी 'काका' म्हणणारे मूल आता काहीच म्हणत नाही, असे झाले तर वय कोणतेही असो, त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावे.

मग त्या खेळात उपचार कुठे होता?

फुग्यांच्या बाटलीकडे परत जाऊ. झाकण मुद्दाम घट्ट लावलेले होते. मुलाला हवी ती वस्तू दिसते आहे, हातात आहे, पण दुसऱ्या माणसाशिवाय मिळत नाही, अशी स्थिती ताईंनी तयार केली होती. मग त्या थांबल्या, आणि ते थांबणे म्हणजेच उपचार होता. आपण मोठी माणसे मुलासमोर एक-दोन सेकंदही गप्प राहत नाही. त्याने पाण्याकडे पाहिले की पेला पुढे करतो आणि वर 'पाणी पाहिजे का माझ्या सोन्याला' असे विचारून उत्तरही आपणच देतो. मुलाला बोलण्याची गरजच उरत नाही. पाच-दहा सेकंद त्याच्याकडे अपेक्षेने पाहत थांबले तर त्याला पाळी मिळते.

दुसरी गोष्ट, मुलाने 'उं' म्हटले तेव्हा ताईंनी 'आधी नीट बोल, मग देईन' असे म्हटले नाही. त्यांनी ते मागणे मान्य केले आणि त्याच क्षणी योग्य शब्द पुरवला. शब्द मिळवायला मुलाची अडवणूक केली की ते रडते किंवा पाठ फिरवते. मागण्याला लगेच फळ मिळाले की पुन्हा मागते. तिसरी गोष्ट म्हणजे मुलाच्या शब्दात एका शब्दाची भर घालणे. मूल 'गाडी' म्हणाले तर 'हो, लाल गाडी' किंवा 'गाडी गेली' म्हणावे, मूल जिथे आहे त्याच्या फक्त एक पायरी वर. 'हे काय? ते काय? सांग ना!' अशी परीक्षा घेण्याने मूल शिकत नाही, कारण परीक्षेत आधी माहीत असलेलेच विचारले जाते.

आठवड्यातून एक-दोनदा पाऊण तास थेरपी होते. उरलेल्या वेळात मूल आजीजवळ, चुलीजवळ, अंगणात असते. म्हणून कक्षात ताई जे करतात त्याचा निम्मा उद्देश आईला आणि आजीला दाखवण्याचा असतो. कळण्याची भाकरी थापताना 'पीठ, पाणी, थाप, थाप, उलट' असे बोलत राहणे आणि मुलाच्या हाती कणकेचा गोळा देणे, हा गृहपाठ कोणत्याही विकतच्या खेळण्यापेक्षा उजवा आहे. मोबाइलला हे जमत नाही, कारण तो बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये, आणि त्याहून लहानांना त्याची सवयच लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

'घरात अहिराणी बोलतो, म्हणून मूल गोंधळले का?'

हा प्रश्न आपल्या भागात इतक्यांदा विचारला जातो, आणि त्याचे चुकीचे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने दिले जाते, की येथे थोडे थांबणे गरजेचे आहे. मूल उशिरा बोलायला लागले की नातेवाईक, कधी शाळाही सांगते की घरात अहिराणी बंद करा, फक्त मराठी बोला. जळगाव-धुळे शहरांत तर फक्त इंग्रजी बोला असा सल्ला मिळतो. दोन भाषा ऐकल्याने मुलाला भाषेचा विकार होत नाही. ज्याला विकार आहे त्याला तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि ज्याला नाही त्याला दोन काय, तीन भाषाही पेलतात. अक्कलकुवा-धडगावकडची मुले घरी भिली किंवा पावरी, बाजारात अहिराणी किंवा गुजराती आणि शाळेत मराठी सहज बोलतात. शब्द मोजायचे तर सर्व भाषांचे मिळून मोजावेत. मूल 'पानी' अहिराणीत आणि 'बॉल' इंग्रजीत म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले.

अहिराणी बंद करण्याचा तोटा मात्र नक्की होतो. ज्या आजीला मराठी अवघडल्यासारखी बोलता येते, ती नातवाशी बोलणेच कमी करते. कोड्यांचे, गोष्टींचे, रागावण्याचे आणि लाडाचे बोलणे थांबते, म्हणजे विहिरीचा सर्वांत जिवंत झरा आपणच बुजवतो. मुलाशी जी भाषा घरातली माणसे मोकळेपणाने आणि भरभरून बोलतात, तीच भाषा थेरपीसाठी योग्य.

यातून आणखी एक बारीक गोष्ट निघते. 'डोया', 'शाया', 'काया' म्हणणारे मूल सदोष बोलत नाही. मराठीतल्या 'ळ'च्या जागी अहिराणीत 'य' येतो, आजीही 'खेळ' न म्हणता 'खेय'च म्हणाली होती. तो तिच्या भाषेचा नियम आहे आणि नियम मोडणे व नियम पाळणे यांत फरक आहे. मात्र तेच मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाय'ला 'दाय' म्हणत असेल, तर घरात तसे कोणीही म्हणत नाही. जिभेचा मागचा भाग उचलण्याऐवजी ते पुढचा भाग उचलते आहे. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत हे स्वाभाविक असते, पुढेही राहिले तर त्यावर काम करावे लागते. अनुभवी थेरपिस्ट 'ताता' वहीत नोंदवतो आणि 'डोया' सोडून देतो. त्याला अहिराणी येत नसेल, तर हा फरक त्याला सांगणे हे पालकांचे काम आहे. 'आमच्याकडे असेच म्हणतात' हे वाक्य संकोच न करता बोलावे. शाळेत प्रमाण मराठीचा 'ळ' मूल पुढे शिकेल, पण तो शिक्षणाचा भाग आहे, त्याला आजार म्हणू नये.

बोबडे वेगळे, तोतरे वेगळे

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण 'ताता' म्हणणे हा बोबडेपणा आहे, तर 'का-का-काका' असे अडकणे, शब्दाचे पहिले अक्षर लांबणे किंवा तोंड उघडूनही आवाज न फुटणे हा तोतरेपणा. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुमारे शंभरातली पाच मुले अडखळू लागतात. त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात आणि मोठेपणी हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास राहते, त्यातही पुरुष अधिक. तोतरेपणा भीतीने, गुदगुल्यांनी किंवा कोणाची नक्कल केल्याने लागत नाही; मेंदूतल्या बोलण्याच्या वेळापत्रकाशी आणि आनुवंशिकतेशी त्याचा संबंध असतो. भीतीने तो वाढतो, इतकेच.

म्हणून 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'पुन्हा नीट सांग' हे सल्ले प्रेमाने दिले तरी मुलाचे लक्ष अडकण्याकडेच ओढतात. आपण स्वतः सावकाश बोलावे, मुलाचे वाक्य आपण पूर्ण करू नये, नजर त्याच्यावर ठेवावी आणि तो काय सांगतो आहे ते ऐकावे. अडखळणे सहा महिने-वर्षभर टिकले, घरात कोणाला तसा त्रास असेल किंवा मूल बोलणे टाळू लागले तर उपचार सुरू करावा. तोंडात खडा किंवा सुपारी ठेवून बोलायला लावण्याचा प्रकार मुळीच करू नये. त्याने तोतरेपणा जात नाही आणि खडा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

जिभेची शीर, वेखंड आणि 'त्याचा बापही उशिरा बोलला'

जिभेखालचा पडदा आखूड असेल तर बाळाला दूध ओढायला अडचण येऊ शकते आणि एखाददुसरा उच्चार बिघडू शकतो. पण त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही, असे होत नाही. जे मूल बोट दाखवत नाही, सांगितलेले समजत नाही, त्याची 'शीर' कापून काही साधत नाही, उलट महत्त्वाचे वर्ष वाया जाते. जिभेवर मध आणि वेखंड चोळल्याने वाचा फुटते याला आधार नाही, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

'त्याचा बापही चार वर्षांपर्यंत बोलत नव्हता, आता बघा' हा युक्तिवाद मात्र उलटा वाचला पाहिजे. घरात उशिरा बोलण्याचा इतिहास असणे हे अधिक लवकर तपासण्याचे कारण आहे. तपासणीत काहीच निघाले नाही तर एक दिवस आणि एसटीचे भाडे गेले. थांबलो आणि काही निघाले, तर मेंदू सर्वांत वेगाने भाषा शिकतो तो काळ गेला.

शब्द असतो, वाट वाहून गेलेली असते

आता मामांविषयी. अमळनेर तालुक्यातले कापूस उत्पादक, गावात बोलके म्हणून प्रसिद्ध. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. तांब्याकडे बोट दाखवून ते 'घड्याळ' म्हणायचे, आपण चुकीचे बोललो हे त्यांच्याच लक्षात यायचे आणि ते संतापून खाटेवर हात आपटायचे. आम्ही घरच्यांनी दोन चुका केल्या. कोणी त्यांच्याशी मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावे तसे बोलू लागले, आणि कोणी त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलू लागले, जणू त्यांना काही कळत नाही. एकदा मी कापसाचा भाव चुकीचा सांगितला, तर त्यांनी मान जोरात हलवली आणि डाव्या हाताची बोटे उघडून-मिटून बरोबर आकडा दाखवला. तेव्हा मला लाज वाटली.

या अवस्थेला अफेजिया म्हणतात: मेंदूला इजा होऊन भाषा वापरण्याची क्षमता कमी होणे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी अशा रुग्णाचा अभ्यास मांडला, ज्याला समजत होते, पण तोंडून 'टॅन' एवढेच निघत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार वर्णिला. त्यात मेंदूच्या थोड्या मागच्या भागाला इजा असते, रुग्ण भराभर बोलतो पण त्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे नीट समजत नाही. बुद्धी, आठवणी, नातीगोती, शेतीचा हिशेब, हे बहुधा शाबूत असते. पुराने गावाचा डांबरी रस्ता वाहून जावा तसे हे आहे. गाव जागेवरच आहे, पण तिथे जायला बांधावरून, शिवारातून वळसा घ्यावा लागतो.

थेरपी म्हणजे तो वळसा शोधणे आणि चालून चालून पायवाट मळवणे. 'तांब्या' आठवत नसेल तर ताई विचारायच्या: कशाचा असतो? त्यात काय भरतात? कुठे ठेवतात? आजूबाजूच्या चार गोष्टी जाग्या झाल्या की मधला शब्द कधी कधी उसळून वर येतो. नाही आला तर त्या 'तां...' एवढाच आवाज द्यायच्या. मामांना साधे पाणी मागता येत नव्हते, पण पाढे म्हणता येत होते आणि भजन तर चालीसकट येत होते. आम्हाला तो चमत्कार वाटला, पण घोकलेले आणि गायलेले शब्द मेंदूत काहीशा वेगळ्या वाटेने जातात. याच आधारावर १९७० च्या दशकात अमेरिकेत बोलणे चालीवर बसवून शिकवण्याची पद्धत तयार झाली. 'चहा दे' हे दोन शब्द आमच्या मामींनी त्यांच्याबरोबर हातावर ताल धरून, ओवीच्या चालीवर शेकडो वेळा म्हटले.

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण त्यानंतर ती थांबते हे खरे नाही. वर्षांनंतरही थेरपीने फरक पडतो. दूरदर्शन बंद करून, एका वेळी एकानेच, छोट्या वाक्यात बोलावे. 'काय खाणार?' ऐवजी 'भाकरी की खिचडी?' विचारावे. आणि बोलणे अचानक जड झाले, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, असे दिसले तर थेरपिस्टकडे नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.

घास आणि आवाज

वाचा उपचार तज्ज्ञ गिळण्याच्या त्रासावरही उपचार करतात, हे अनेकांना माहीत नसते. ज्या स्नायूंनी बोलतो त्यांतल्या बऱ्याच स्नायूंनी आपण गिळतोही. पक्षाघातानंतर पातळ पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागत असेल, प्यायल्यावर आवाज ओला येत असेल, तर रुग्णाला आडवे ठेवून चमच्याने पाणी पाजण्याचा आग्रह सोडावा आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

आवाजाचे विकार शिक्षक, भाजीविक्रेते, बाजार समितीत लिलाव पुकारणारे यांच्यात आढळतात, कारण स्वरतंतू एकमेकांवर सतत आदळून त्यांवर घट्टे येतात. घसा बसून तीन आठवडे झाले तर तंबाखू खाणाऱ्याने किंवा बिडी ओढणाऱ्याने विशेषतः कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी दाखवावे. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्या माणसालाही पुन्हा बोलता येते: गळ्याला लावायचे कंपन यंत्र, अन्ननलिकेतून आवाज काढण्याचे प्रशिक्षण, किंवा शस्त्रक्रियेने बसवलेली छोटी झडप, यांपैकी एका मार्गाने.

'चित्रांचा तक्ता दिला तर तो बोलायचा राहील'

ही भीती सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांच्या पालकांना फार सतावते. आजवरचा अभ्यास उलट सांगतो: चित्रे, खुणा किंवा मोबाइलवरचे बोलणारे अॅप वापरल्याने बोलणे मागे पडत नाही, अनेक मुलांत ते थोडे वाढतेच. पाणी मागता आले की मूल चावत नाही, डोके आपटत नाही, आणि शांत मूल अधिक शिकते. घरातल्याच तांब्याचा, भाकरीचा, पंख्याचा, संडासाच्या दाराचा फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवला तरी सुरुवात होते. मामांच्या खाटेलाही असा पुठ्ठा टांगलेला होता.

कुठे जायचे, कोणाकडे जायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि विकासातला उशीर हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. पथक आले की 'आमचे मूल बोलत नाही' हे स्वतःहून सांगावे. मूल त्या दिवशी रडत असेल तर त्यांच्या लक्षात येणार नाही. पुढचा उपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे सोपवला जातो. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवण विषयाची राष्ट्रीय संस्था आहे आणि म्हैसूरमध्ये १९६० च्या दशकापासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे नोंदलेले आहे, आणि अफेजियामुळे किंवा स्वरयंत्र काढल्यामुळे आलेले कायमचे दिव्यांगत्व त्यात बसते.

खासगी थेरपिस्टकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारावे. या विषयाची पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची असते. आठ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन कोणी थेरपिस्ट होत नाही. किती महिन्यांत बोलेल याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. येत्या तीन महिन्यांत कोणती एक-दोन उद्दिष्टे आहेत आणि घरी काय करायचे, हे जो लिहून देतो त्याच्याकडे जावे. सातपुड्यातल्या पाड्यावरून दर आठवड्याला येणे अशक्य असेल तर तसे स्पष्ट सांगावे. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन असे नियोजन करता येते.

पहिल्या भेटीला जाताना मुलाचा घरात खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्यावा, कारण परक्या खोलीत मूल गप्प बसते. सोबत एक वही न्यावी आणि त्यात मूल म्हणते ते सगळे शब्द, ते म्हणते तसेच, अहिराणी असतील तर अहिराणीत, अर्धवट असतील तर अर्धवट लिहावेत. मोठ्या माणसासाठी त्याच्या रोजच्या तोंडातले शब्द लिहावेत. मामींनी अशी यादी केली तेव्हा तिच्यात सर्वांत वर आमच्या म्हाताऱ्या बैलाचे नाव होते, 'ढवया'. ताईंनी ते 'ढवळ्या' असे सुधारले नाही. पाचव्या आठवड्यात, कोणी काही न विचारता, गोठ्याकडे पाहत मामा पहिल्यांदा जो शब्द स्पष्ट म्हणाले, तो तोच होता.